जगदेवचा ठेका

३ जानेवारी

तांब्याच्या तारेच्या एजन्सीकडून दरवर्षी डायरी येते आणि दरवर्षी माझी मुलगी नमरा तिच्यात चित्रं काढून संपवायची. ती आता अकोल्याला नर्सिंगला आहे. डायरी कोरी पडली, म्हणून मी लिहायला बसलो. दुसरं कारण हरीओम. तो म्हणाला, "काका, उद्या आपलं नाव झालं आणि कोणी विचारलं बँड कसा घडला, तं काय सांगसान? लिहून ठेवत जा."

तर मी फय्याज. मालेगाव जहांगीरला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी, दहावी नापास. बाकी सगळं हातानं शिकलो. शेतकरी वावरातून फोन लावतात, फोन मोटरीजवळ धरतात, आणि मी इकडून सांगतो की वरचं बेअरिंग गेलं, आज बंद ठेव नाहीतर कॉइल जळेल. अजून चुकलो नाही.

बँडचं नाव थ्री फेज. हरीओम गिटार वाजवतो आणि गातो, गाणी त्याचीच, आपल्या वऱ्हाडी बोलीतली. मी बेस. जगदेव ड्रम. आमच्याकडं रॉक म्हटलं की लोक विचारतात, डीजे सोबत आणता का. रिसोडला एकानं माझ्या बेसकडं पाहून विचारलं होतं, "चाचा, दोन तारा तुटल्या काय?" मी म्हटलं, तुटल्या नाही, चार तारात भागते आपलं.

बेस मी स्वतः केलेला आहे. जुन्या चौकटीचा साग, एका मोडक्या गिटारीची मान, आणि आतली कॉइल पंख्याच्या बारीक तारेची, माझ्या हातची. मला हा नाद लागला तो मिलिटरीतल्या एका माणसाच्या टेपमुळं. टेप दुरुस्तीला आला होता, आत इंग्रजी कॅसेट अडकलेली. शब्द कळेनात. पण खाली काहीतरी जाड, गरम चाललं होतं, मोटर लोडवर असते तसं. तो माणूस टेप न्यायला चार वेळा आला आणि मी चार वेळा त्याला उद्या या म्हटलं.

जगदेव मेडशीचा. बावीस वर्षांपूर्वी जळालेली मोटर घेऊन आला आणि ती होईपर्यंत माझ्या वार्निशच्या डब्यावर वाजवत बसला. तेव्हापासून आम्ही. गाणारे चार बदलले, आम्ही दोघं तेच. त्याचं घरचं तीन एकर आणि गावच्या राजपालचं सहा एकर ठेक्यानं कसायला. तिथल्या चिखलातून तो थेट यायचा आणि ड्रमवर बसायचा.

बेसवाल्यानं ड्रमवाल्याचा उजवा पाय पाहायचा असतो. पाय पडला की माझं बोट तारेवर. बावीस वर्षांत मी जगदेवचा चेहरा कमी पाहिला, पाय जास्त.

आता मुद्दा. नागपूरला नोव्हेंबरात रॉक मेळा आहे. बाहेरगावचे फक्त सहा बँड घेणार. ऑगस्टपर्यंत चार गाणी रेकॉर्ड करून पाठवायची. वाशिम जिल्ह्यातून आजवर कोणी गेलं नाही. आम्ही जाणार.

१९ जानेवारी

दर रविवारी दुपारी दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये वाजवतो. आज 'डीपी जळाली' हे ट्रान्सफॉर्मरवरचं गाणं घेतलं. अर्ध्यात मला टोचलं. जगदेवचा पाय मागं. केसभर, पण मागं.

"मागं राह्यला बे," मी म्हटलं.

"बूट नवा हाय."

"बूट मागच्या दिवाळीचा हाय लेका."

"मंग पाय नवा असन."

मी आणि हरीओम हसलो. जगदेव हसला नाही. विनोद करून न हसण्याची ही नवी कला त्यानं कुठून आणली कोणास ठाऊक.

मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी तीनदा ऐकलं. सुरुवातीला ठीक, मग ओढतो. मोटर गरम झाल्यावर ओढते तसा.

९ फेब्रुवारी

वाशिमला कॉलेजचं गॅदरिंग झालं. पोरं नाचली, पोरींनी हरीओमसोबत फोटो काढले. प्राचार्यांनी मला 'गिटारवादक' म्हणून शाल दिली.

जगदेवच्या हातातून काठी दोनदा निसटली. दोन्हीदा मी बेस पुढं ओढून झाकून घेतलं, कोणाला कळलं नाही. पण त्याचं तोंड. पूर्ण दोन तास पासपोर्टच्या फोटोसारखं.

परतीच्या गाडीत म्हटलं, "काहून असं तोंड करून बसला होता? कोणी मेलं काय?"

"तोंड तं हेच हाय माहं."

मला वाटतं बॅनरवर त्याचा फोटो मधोमध छापला, ते डोक्यात गेलं. कलावंतांचं असं होतं. उतरेल आपोआप.

२७ फेब्रुवारी

मोहल्ल्यातला अमान स्टँडवर कोल्ड्रिंक विकतो, येणारीजाणारी प्रत्येक एसटी त्याच्या नजरेखालून जाते. म्हणाला, "जगदेवभाऊ तिसऱ्यांदा अकोल्याच्या गाडीत दिसले. तिन्ही वेळा मंगळवार."

जगदेवला विचारलं. म्हणे बियाण्याच्या कंपनीची मीटिंग. फेब्रुवारीत सोयाबीनच्या बियाण्याची मीटिंग? मी पण दुनिया पाहिली आहे. अकोल्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्राला ड्रमवाला पाहिजे, हे मला चार जणांनी सांगितलं आहे. बाहेर वाजवावं, माझी ना नाही. पण मला सांगून जावं. आणि तिथं दमून आमच्याकडं पाय ओढत येऊ नये.

रविवारपासून रमजान. महिनाभर वाजवणं बंद. तेवढ्यात माझाही राग निवेल.

१ एप्रिल

काल ईद झाली. जगदेव आला, दरवर्षीसारखा. शीरखुर्म्याची वाटी माझ्या बायकोनं, नाजिशनं हातात दिली तर त्यानं ती लगेच खाली, मांडीजवळ ठेवली आणि बोलत बसला. बोलत काय, मीच बोलत होतो. शेवटी म्हणाला, पोट बरं नाही. बावीस वर्षांत ज्यानं दोन वाट्यांच्या खाली उठायचं नाही, त्याचं पोट. राग माझ्या मनात होता, आता त्याच्याही मनात आहे की काय?

तो गेल्यावर नाजिश म्हणाली, "जगदेवभाई का चेहरा देखे क्या तुम? पलक भी नहीं झपक रही उनकी."

मी म्हटलं, माझं काम त्याच्या पायाशी आहे.

"कभी चेहरा भी देख लिया करो."

२१ एप्रिल

आज ललितावहिनी, म्हणजे जगदेवची बायको, मिक्सर घेऊन दुकानात आली. मिक्सरला काही झालं नव्हतं, नुसती वायर सैल होती. मी दोन मिनिटांत लावून दिली तरी ती उठेना. चहा मागवला. चहा निवून गेला.

मग खाली पाहून म्हणाली, "फय्याजभाऊ, त्यायच्या हातून ठेका सुटून राह्यला. मले तं झोप नाही. तुमी बोला ना काही. तुमचं ते ऐकतीन."

तेवढ्यात कुरळा गावचे दोघं मोटर घेऊन आले आणि ती पदर सावरून निघून गेली.

मला सगळं उमगलं. तर ही गोष्ट आहे. राजपालचं सहा एकर हातचं चाललं. म्हणून तोंड असं, म्हणून अकोल्याच्या चकरा, तिकडं काही कामधंदा पाहत असेल. आणि मी त्याला ऑर्केस्ट्रात बसवून मोकळा झालो होतो. मनातल्या मनात माफी मागितली.

मानी माणूस आहे, स्वतःहून म्हणणार नाही. माझ्यानं होईल तेवढं मी करणार.

२३ एप्रिल

मेडशीला जाऊन राजपालला भेटलो. त्याच्या दोन मोटरी माझ्या हातच्या आहेत, आणि भर उन्हाळ्यात पाणी पाजायच्या दिवसांत त्या मी बाकीच्यांच्या आधी करून दिल्या होत्या. ते मी बोललो नाही. फक्त मोटरी कशा चालून राह्यल्या विचारलं.

मग विषय काढला. राजपाल म्हणाला, "अबे, जगदेव तं यंदा काही बोललाच नाही. अक्षय तृतीया आली, ठेक्याची बोली तवाच होते. मले वाटलं सोडते का काय."

"सोडत नाही. लाजते. तुह्याकडं दुसरा कोणी आला असन म्हून गप बसला."

"आले हाय दोघं."

"त्यायले नाही म्हण. दोन साल जगदेवच कसन. माही जबान."

राजपालनं विडा काढला, मला दिला, म्हणाला, "तुही जबान असन तं झालं."

अर्ध्या तासात काम. गाडीवर परत येताना मी चक्क गात आलो, आणि माझा आवाज कसा आहे ते मला ठाऊक आहे.

२४ एप्रिल

जगदेवला दुकानात बोलावलं आणि सांगितलं.  स्टुलावर बसून राहिला. उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता, देवळात बसल्यासारखा.

"तू जबान देल्ली?"

"देल्ली."

"दोन सालाची?"

"दोन सालाची. आता निवांत वाजव."

 मग म्हणाला, "बरं." उठला, दारातून जाताना खांदा चौकटीला घासला, आणि गेला. माणसाचं मन भरून आलं की शब्द फुटत नाहीत. 

२९ जून

पेरण्या उरकल्या. जगदेव सलग तीन रविवार आला नाही. आज आला तर दंड सुजलेले, डोळे आत. दोन गाण्यांनंतर म्हणाला, हात भरून आले.

हरीओम नंतर म्हणाला, "काका, असं कसं होईन? दीड महिना राह्यला."

मी म्हटलं, पेरणी आहे, जुलैत सुधरते.

१७ जुलै

सुधरलं नाही.

आज गाण्यांचा क्रम जगदेवनं लिहून आणला. तो कागद मी जपून ठेवणार आहे. पहिली ओळ ठीक, दुसरी लहान, चौथ्या गाण्यापर्यंत अक्षर एवढं बारीक की हरीओमनं मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचलं. "काका, हे गाणं हाय का मुंग्या?" आम्ही हसलो. जगदेवनं कागद ओढून घेतला, म्हणाला, "कागद वाचवला." मी परत मागून घेतला.

वाजवताना मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. 'शेवटची एसटी' गाण्यात तिसऱ्या कडव्यापाशी पाय पडतो, सावरतो, परत पडतो. मी त्याच्यासाठी राजपालकडं शब्द टाकला. त्याचं वावर राखलं. आता ह्याला आणखी काय पाहिजे? सरळ सांगतो, आज मला त्याचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली नाही.

नमराचा फोन आला होता. अभ्यासाचं सोडून विचारते, "अब्बू, जगदेव चाचा ठीक हैं ना?" मी म्हटलं, त्याला काय धाड भरली.  मागच्या महिन्यातही तिनं हेच विचारलं होतं.

३ ऑगस्ट

सहा वेळा रेकॉर्ड केलं, सहाही वेळा टाकून द्यायच्या लायकीचं. जगदेव पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा हरीओम हळू बोलला, "लॅपटॉपमध्ये ड्रम बसवता येते. मशीनचा. थोडाही हलत नाही. पण जगदेवकाकाले कोण सांगन?"

मीच सांगणार. बावीस वर्षं माझीच आहेत.

५ ऑगस्ट

सांगितलं. मेडशीला जाऊन, त्याच्या ओट्यावर बसून. वहिनी आत होती.

म्हटलं, "नागपूरसाठी मशीन लावतो. एवढ्यापुरतं. तुह्या मागं वावराचं काम हाय. तिकडं लक्ष दे."

तो म्हणाला, "मागं राहून राह्यलो ना मी?"

"राहून राह्यला."

"तुह्या कानाले कोण खोटं म्हणन."

भांडला असता तर बरं झालं असतं. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, चार मुद्दे पाठ करून. एकही लागला नाही. निघताना त्यानं विचारलं, "मशीनचा पाय कसा हाय?"

मी म्हटलं, "बरोबर हाय."

"मंग झालं तं."

२४ ऑगस्ट

निवड झाली. सहामध्ये आम्ही. बाजारात पेढे वाटले. वर्तमानपत्रात नाव आलं, त्यांनी थ्री फेजच्या जागी 'ट्री फेज' छापलं. जगदेवकडं पेढे घेऊन अमानला पाठवलं. स्वतः गेलो नाही. काम होतं.

काम नव्हतं.

१४ सप्टेंबर



दुपारी ललितावहिनीचा फोन आला. जगदेव फवारणी करताना वावरात पडला. पाठीवर भरलेला पंप, पिकाच्या ओळीत तोंडावर पडला आणि त्याला उठता येईना. औषध अंगावर सांडलं. शेजारच्या वावरातल्या बाईनं पाहिलं म्हणून. मी पोचलो तेव्हा डॉक्टर पाहून गेले होते, त्याला अंघोळ घातली होती, खाटेवर झोपला होता. उजवा हात चादरीबाहेर होता. झोपेत शांत होता तो हात. मग जगदेव जागा झाला आणि हात सुरू झाला. अंगठा बोटांवर फिरत होता, गोळी वळल्यासारखा. आपणहून.

मी त्याचा चेहरा पाहिला.

वहिनी मला अंगणात घेऊन गेली. म्हणाली अकोल्याच्या डॉक्टरनं जानेवारीतच सांगितलं. कंपवात. बरं होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहते. जड काम करू नका, वावर कमी करा.

"मंग वावर काहून नाही सोडलं?" मी म्हटलं. "वहिनी, तुमीच तं म्हटलं होतं ठेका सुटून राह्यला. म्हून मी राजपालकडं गेलो. म्हून जबान देल्ली."



"भाऊ, मी वावराचं म्हटलंच नव्हतं. मी वाजवायच्या ठेक्याचं म्हटलं होतं. जेवता जेवता ताटाच्या काठावर बोटानं वाजवत जात ते, लग्न झालं तवापासून. ते बंद झालं होतं. मले भेव वाटलं. म्हटलं ह्या गोष्टीतलं तुमाले समजते."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडं पाहत उभा राहिलो. वहिनी म्हणाली, "वावर तं ते सोडूनच देणार होते. राजपालभाऊकडं जाणार होते त्या आठवड्यात. तुमी पयले पोचले."

आत गेलो. खाटेच्या कडेवर बसलो.

"काहून नाही सांगितलं बे?"

"सांगितलं असतं तं तू काय केलं असतं?"

"गाणी हळू केली असती."

"तेच," जगदेव म्हणाला. "मले हळू गाणं नव्हतं पाह्यजे."

"आणि वावराचं? तवा तरी बोलाचं होतं."

"तू गावात जबान देऊन आला होता. राजपाल साऱ्यायले सांगून राह्यला होता. आता तुही जबान मी खाली पाडू काय?"

१५ सप्टेंबर

राजपालकडं गेलो. जबान परत घ्यायला आयुष्यात पहिल्यांदा गेलो. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "पुढच्या सालचं सोडलं, जाय. पण हे उभं पीक आता कोणाले देऊ? सोंगेपर्यंत तं त्यालेच पाहा लागन."

म्हटलं, मी पाहतो.

नमराला फोन केला. तिनं जगदेवला मार्चमध्येच तिच्या दवाखान्याच्या ओपीडीत पाहिलं होतं. त्यानं तिच्याकडून वचन घेतलं होतं. "मैंने पूछा था ना अब्बू, दो बार," ती म्हणाली आणि रडायला लागली. दोनदा विचारलं होतं. मी दोन्हीदा ऐकलं होतं.

२८ सप्टेंबर

सोयाबीन सोंगलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून सेवालाल त्याची माणसं घेऊन आला, हरीओम आणि अमानही आले. मी पण विळा धरला. तिसऱ्या तासाला बोट कापून घेतलं, बेसचंच बोट. सेवालाल म्हणाला, "फय्याजभाऊ, तुमी सावलीत बसा, तुमच्यानं पीक लाल होऊन राह्यलं." जगदेव बांधावर बसून होता. ह्या वेळी त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायला वेळ लागला. आता मी वाट पाहतो.

५ ऑक्टोबर

त्याचा ड्रम गाडीत घालून मेडशीला नेऊन दिला. दर रविवारी आता मीच जातो.

आज पहिल्यांदा दोघंच वाजवलं. मी ठरवून गेलो होतो की त्याच्या पायाची वाट पाहायची. तो मागं तर मी मागं. पण हात ऐकत नाही. पाय पडायच्या आधीच बोट जातं, जिथं पडायला पाहिजे तिथं. कान मधे येतो.

जगदेवनं काठ्या खाली ठेवल्या. "तू मले दाखवून राह्यला का किती मागं हाय ते?"

"नाही बे. होत नाही माह्यानं."

"मंग कान बंद कर. पाय पाह्य."

१९ ऑक्टोबर

कापसाचे बोळे कानात घालून वाजवलं. वहिनीनं पाहिलं आणि आत गेली. थोडं जमलं. दोन ओळी.

२ नोव्हेंबर

आज बसलं. 'शेवटची एसटी' पूर्ण, कापूस न घालता. जिथं त्याचा पाय अडखळतो तिथं मी थांबलो, तो आला, मग मी गेलो. बाहेरच्याला गाणं हळू वाटलं असेल. आम्हाला ते गाण्यासारखं वाटलं. संपल्यावर तो घामानं भिजला होता. त्याला फार वेळ बसता येत नाही, वीस मिनिटं, तेही गोळी घेतल्यानंतर तासाभरात.

हरीओम बिचारा मागच्या आठवड्यात म्हणाला होता, नागपूर रद्द करू का. जगदेवनं त्याला फोन करून झापलं. "गेले नाही तं मी तुमचं तोंड पाहणार नाही." त्याचा आवाज बारीक झाला आहे आता, दटावला तरी कुजबुजल्यासारखा वाटतो. हरीओमला दोनदा विचारावं लागलं काय म्हणता.

९ नोव्हेंबर

काल नागपूर झालं. एवढी माणसं मी फक्त सभेत पाहिली होती, आणि तिथं मी पंखे लावायला गेलो होतो. पहिल्या गाण्यावर लोक उभे राहिले. वऱ्हाडी शब्द ऐकून मागून कोणीतरी "अरे हे तं आपलेच" ओरडलं. आवाज इतका स्वच्छ की माझा बेस माझ्याच छातीत वाजत होता. मी घरी केलेला बेस पाहायला नंतर तीन पोरं आली, त्यांनी कॉइलचे फोटो काढले, विचारलं किती फेरे दिले. मोठ्या बँडचा एक बेसवाला येऊन हात मिळवून गेला.

चार गाण्यांत मी किती वेळा डावीकडं पाहिलं ते मोजलं नाही. तिथं टेबलावर लॅपटॉप होता.

१२ नोव्हेंबर

हरीओमनं रेकॉर्डिंग जगदेवच्या मोबाइलवर पाठवलं होतं. आज सकाळी त्याचा फोन आला. मी दुकानातलं ग्राइंडर बंद केलं, नाहीतर त्याचा आवाज येत नाही.

"ऐकलं," तो म्हणाला. "चारही."

"कसं वाटलं?"

 

"तू मागं होता."

"कोण?"

"तू. मशीनच्या मागं. केसभर. पयल्यापासून."

मी हसलो. म्हटलं, "अबे, फोनवर ऐकलं ना तू. फोनवर तसं वाटते."

"फोनवर तू लोकायच्या मोटरी दुरुस्त करते," तो म्हणाला. "ऐकून पाह्य."

दुकानाचं शटर ओढलं, हेडफोन लावून बसलो. तो बरोबर होता. प्रत्येक ठिकाणी ढोल आधी, माझं बोट नंतर. सारखंच अंतर, कुठं कमीजास्त नाही. आणि 'शेवटची एसटी'मध्ये तिसऱ्या कडव्यापाशी मशीन सरळ पुढं निघून गेली आणि मी थांबलो होतो. स्टेजवर मला हे जरासुद्धा ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं होतं मी बरोबर चाललो आहे.

संध्याकाळी हरीओम लॅपटॉप घेऊन आला. रेकॉर्डिंग नेटवर टाकायचं आहे, लोक मागत आहेत. पडद्यावर दोन रेघा होत्या, वरची ड्रमची, खालची माझी. त्यानं मोठं करून दाखवलं. वरचा डोंगर आणि खालचा डोंगर एकाखाली एक येत नव्हते.

"काका, हे बेसचं सारं उचलून थोडं पुढं सरकवून देतो. एका बटणाचं काम हाय. कोणाले समजणार नाही."

"नको," मी म्हटलं. "जिथं हाय तिथं राहू दे."